खासदार अमंडसन यांच्या नावाचा कायदा

खासदार डेलमार अमंडसन यांना 'नाही' म्हणता येत नसे. घरात हा दोष कोणाच्या लक्षात आला नव्हता, कारण घरात त्यांना कोणी काही विचारत नसे. लोर्ना, म्हणजे त्यांची बायको, थेट सांगत असे. दोष उघडा पडला तो वॉशिंग्टनला. तिथे मतदानाच्या वेळी प्रतिनिधिगृहाबाहेर, लिफ्टच्या तोंडाशी, खासदार मंडळी आपापल्या विधेयकांचे कागद हातात घेऊन उभी असतात. विधेयक मांडणारा तो प्रस्तावक आणि त्याखाली पाठिंब्याची सही करणारे ते सहप्रस्तावक. सह्या जितक्या जास्त तितकं विधेयक वजनदार. डेलमार लिफ्टमधून बाहेर पडले की तळ्यावरची बदकं पावाची पिशवी बघून वळतात तसे सगळे कागद त्यांच्याकडे वळत.

ते सगळ्यांवर सह्या करत. एकदा दुपारी वर जाताना त्यांनी लांडग्यांना संरक्षण देणाऱ्या विधेयकावर सही केली आणि खाली येताना लांडग्यांना गोळी घालू देणाऱ्या विधेयकावर. बँजो हे राष्ट्रीय वाद्य व्हावं असं त्यांचं लेखी मत होतं. अकॉर्डियन व्हावं असंही होतं. त्यांच्या कचेरीचा कारभार मॉरीन ड्यूडेक नावाच्या बाई पाहत. त्या सकाळी साहेबांच्या सगळ्या खिशांतली पेनं काढून घेत. उपयोग होत नसे. सही मागणारा माणूस पेन घेऊनच येतो.

स्वतःची विधेयकंही त्यांनी पुष्कळ मांडली होती. ती समितीकडे जात आणि हिवाळ्यात अस्वल गुहेत शिरतं तशी तिथे शिरत. फरक एवढाच, की अस्वल वसंतात बाहेर येतं.

कोणत्या खासदाराने किती विधेयकं मांडली, किती विधेयकांवर सह्या केल्या आणि त्यातलं किती कायद्यात उतरलं, हा सगळा हिशोब सरकार कोणालाही बघू देतं. आमच्या नॉर्डालमध्ये तो वीस वर्षं कोणी बघितला नव्हता. विस्कॉन्सिन राज्याच्या आमच्या टोकाला लोकांना गाई असतात, आणि गाईंना सुट्टी नसते. पण क्लीटस व्हॉसबर्गने तो बघितला. व्हॉसबर्गचा चीजचा कारखाना होता, हमरस्त्याला लागून एक प्रचंड गोठा होता, आणि ऑगस्टमध्ये मतदानाने ठरायच्या, डेलमार यांच्याच पक्षाच्या उमेदवारीवर त्याचा डोळा होता. एप्रिलमध्ये बर्फ वितळला तेव्हा गोठ्याच्या छपरावर पुरुषभर उंचीची पांढरी अक्षरं निघाली: अमंडसन. वर्षं वीस. सह्या हजारो. कायदे शून्य. शून्य त्याने चीजच्या चकतीसारखं गरगरीत काढलं होतं. विमानातूनही दिसायचं म्हणतात.

त्या शुक्रवारी डेलमार घरी आले होते. शुक्रवारी अख्खं नॉर्डाल सपर क्लबमध्ये, म्हणजे गावच्या खाणावळीत, तळलेले मासे खायला जमतं, तसं जमलं. छपराबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. आमच्याकडे त्याचा अर्थ सगळ्यांनी वाचलंय असा होतो. व्हॉसबर्ग समोरच्याच टेबलावर बसून कोबीची कोशिंबीर चवीने खात होता.

घरी परतताना लोर्ना गाडी चालवत होती. व्हॉसबर्गच्या गोठ्यापाशी तिने वेग कमी केला. मग म्हणाली, "हरलास तर हरलास. त्याचं मला काही नाही."

"बरं," डेलमार म्हणाले.

"पण हरल्यावर उरलेला जन्म दर शुक्रवारी त्या माणसासमोर बसून मासे गिळायचे आहेत. ते मला जमणार नाही. एक कायदा आण, डेलमार. कसलाही आण. डासांवर आण."

वॉशिंग्टनला जाऊन डेलमारनी ही मागणी मॉरीनबाईंच्या कानावर घातली. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "पोस्ट ऑफिस," त्या म्हणाल्या.

एखाद्या गावच्या पोस्ट ऑफिसला कोणाचं तरी नाव द्यायचं, याइतका सोपा कायदा आमच्या देशात दुसरा नाही. त्याला विरोध करून कोणाला काही मिळत नाही. मात्र रीत दोन गोष्टींची होती. एक, त्या राज्यातल्या झाडून सगळ्या खासदारांच्या सह्या त्यावर हव्यात, पक्ष कोणताही असो. एक जरी नाव कमी पडलं तरी समिती कागदाला हात लावत नाही. आणि दुसरी, ज्याचं नाव द्यायचं तो माणूस वारलेला हवा. जिवंत माणसाचा भरवसा नसतो. आज त्याचं नाव दारावर रंगवावं आणि उद्या त्याने बँक लुटावी.

डेलमारना नाव सुचायला वेळ लागला नाही. आर्विड लोकेन. नॉर्डालच्या तीन पिढ्यांची पत्रं या एका माणसाने वाटली. रस्ता बंद झाला तर स्कीवर घसरत वाटली. आणि ते आता हयात नाहीत हे सगळ्यांनाच माहीत होतं.

हे कसं माहीत होतं, ते सांगायला हवं. नॉर्डालचा माणूस म्हातारा झाला की हिवाळ्यात ॲरिझोनाला जातो, तिथल्या उन्हात हाडं शेकतो आणि एप्रिलमध्ये परत येतो. मग एका एप्रिलमध्ये येत नाही. घर विकलं जातं. पहिल्या वर्षी लोक आठवण काढतात, दुसऱ्या वर्षी मान हलवतात, तिसऱ्या वर्षी गप्प बसतात. स्वर्गात गेलेला आणि ॲरिझोनाला गेलेला यांत फरक करायची गावाला सवयच उरलेली नाही. दोघंही परत येत नाहीत, आणि दोन्हीकडे हवा चांगली असते असं ऐकून असतो.

मॉरीनबाई मात्र शहरातल्या. "नक्की वारलेत ना, साहेब?" त्यांनी विचारलं. डेलमारनी लोर्नाला फोन केला. लोर्नाने क्लबमध्ये विचारलं. सगळे म्हणाले, हो तर. बर्निस फॉसमची तर खात्रीच होती, तिला आर्विडच्या अंत्यविधीनंतरचं जेवण आठवत होतं. हॅम खारट होता, ती म्हणाली. एवढा तपशील मिळाल्यावर शंका घेणं अवघड होतं. मॉरीनबाईंनी घरच्यांकडून मृत्यूचा दाखला मागवायचं सुचवलं, तेव्हा डेलमार पहिल्यांदाच थोडे दुखावले.

"घरच्यांना काय म्हणून विचारायचं? तुमचा माणूस गेला याचा पुरावा द्या? मॉरीन, आमच्याकडे असं बरं दिसत नाही."

सह्या गोळा करायला ते स्वतः लिफ्टपाशी उभे राहिले. कागद त्यांच्या हातात आणि बाकीचे लिफ्टमधून बाहेर येताहेत, हे दृश्य इतकं नवीन होतं की दोन-तीन जणांनी सवयीने स्वतःचेच कागद त्यांच्यापुढे धरले. त्यांवरही त्यांनी सह्या केल्या. राज्यातल्या इतर सात खासदारांपैकी सहा जणांनी उभ्याउभ्या नाव घातलं. डेलमारच्या सहीचं ऋण प्रत्येकावर होतं. उरल्या मिलवॉकीच्या जेराल्डीन प्रुइट. विरुद्ध पक्षाच्या, आणि सही करण्याआधी वाचायची खोड असलेल्या.

"लांडग्यांच्या बाबतीत तुझं नक्की काय ठरलं, डेलमार?" चष्मा लावत त्यांनी विचारलं.

"दोन्ही बाजूंना काही मुद्दे आहेत, जेराल्डीन."

"लांडग्यांनाही तसंच वाटत असेल." त्यांनी कागद दोनदा वाचला. "माणूस चांगला दिसतोय."

"चांगला होता," डेलमार हळू आवाजात म्हणाले. बाईंनी मान झुकवून सही केली.

विधेयक सभागृहात विधेयकं टाकायच्या लाकडी पेटीत पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मिनिट बोलायची परवानगी असते, तेव्हा डेलमार बोलले. सभागृह जवळजवळ रिकामं होतं आणि रिकाम्या सभागृहात माणूस मोकळा होतो. त्यांनी त्या मोठ्या हिमवादळाची गोष्ट सांगितली. बर्फ कमरेइतका, तारा तुटलेल्या, आणि अमंडसनांच्या शेतावर एक ठिपका घसरत घसरत येतोय. तो आर्विड लोकेन. त्याच्या पिशवीत एकच पत्र, कोवळ्या डेलमारला कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं. "असा माणूस आज आपल्यात नाही," असं म्हणताना त्यांचा आवाज फुटला. तो खराच फुटला होता. त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं भाषण.

नॉर्डालच्या साप्ताहिकाने ते पहिल्या पानावर छापलं. पाद्रीबाईंनी प्रार्थनेत कै. लोकेन यांचा उल्लेख केला. सपर क्लबने लोणच्यातल्या अंड्यांच्या बरणीवर त्यांचा फोटो टांगला. व्हॉसबर्गचं तोंड उतरलं. छपरावरचं शून्य पुसायला एखादा माणूस मिळेल का, अशी त्याने चौकशी केल्याचंही कोणी सांगितलं. पण ते मी स्वतः ऐकलेलं नाही, आणि मी ऐकलेलंही सगळं खरं नसतं.

एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. नॉर्डालचा माणूस ॲरिझोनाला गेला तरी साप्ताहिक बंद करत नाही. ते पोस्टाने तिकडे जातं.

दहा-बारा दिवसांनी मॉरीनबाईंनी फोन उचलला.

"आर्विड लोकेन बोलतोय," पलीकडून आवाज आला. "मेसाहून. ॲरिझोना."

"कोणते आर्विड लोकेन?"

"ज्यांचं दुःखद निधन झालंय ते."

मॉरीनबाईंनी नोकरीत पुष्कळ फोन घेतले होते. त्यांनी फक्त जरा थांबायला सांगितलं, आत जाऊन डेलमारच्या कचेरीचं दार लावलं आणि म्हणाल्या, "साहेब, बसा." डेलमार बसलेलेच होते. ते उभे राहिले आणि मग बसले.

म्हातारा रागावलेला नव्हता. वारल्याबद्दल त्यांची विशेष तक्रार नव्हती. मेसाच्या त्यांच्या वसाहतीत हे सगळ्यांचंच होतं, कोणी आधी कोणी नंतर. तक्रार भाषणाबद्दल होती.

"बर्फ कमरेइतका नव्हता," ते म्हणाले. "गुडघ्याइतका."

"तसं असेल, मिस्टर लोकेन."

"आणि ते तुझं कॉलेजचं पत्र नव्हतं. बियाण्यांचा कॅटलॉग होता. एवढ्या वादळात कॅटलॉग घेऊन कोण येतं? तुझ्या आईची कॉफी चांगली असायची म्हणून आलो."

डेलमारनी चुकीबद्दल माफी मागितली. मग आर्विडनी विचारलं, पाटी कधी लागतेय. त्या आवाजात काय होतं ते डेलमारना लगेच कळलं. मोठ्या प्रयासाने त्यांनी समजावून सांगितलं, की पोस्ट ऑफिसला नाव फक्त वारलेल्या माणसाचं देतात. 

"म्हणजे अडचण माझीच आहे."

"तसं नाही हो."

"तसंच आहे. त्या दारातून मी सबंध आयुष्य ये-जा केली, पोरा. माझं नाव लागलेलं मला आवडलं असतं. पण परवाच डॉक्टरने तपासलं, म्हणाला, हृदय ठणठणीत आहे. ऑगस्टच्या आत काही जमेल असं दिसत नाही." आणि मग, "मी तिकडे येऊन लोकांना स्वतः सांगू का?"

यावर कोणीही शहाणा माणूस 'नाही' म्हणाला असता. डेलमार म्हणाले, "या की."

जूनमधल्या एका शुक्रवारी आर्विड लोकेन काठी टेकत सपर क्लबमध्ये शिरले आणि स्वतःच्या फोटोखाली जाऊन बसले. क्लबमध्ये काटे-चमच्यांचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

"आर्विड," शेजारच्या टेबलावरून कोणी तरी म्हणालं. "बरा दिसतोयस."

"मध्यंतरीपेक्षा बरा आहे."

यापलीकडे त्यांच्या जिवंत असण्याचा विषय कोणी काढला नाही. लोक थोडे नाराजच होते. प्रार्थना झाली होती, फोटो लागला होता, आणि आता हा माणूस बटाटे मागवत होता. बर्निस फॉसम ताटातून मान वर करेना. फोटो कोणी उतरवला नाही. त्यांच्या देखत उतरवणं बरं दिसलं नसतं आणि ठेवणंही बरं दिसत नव्हतं, म्हणून सगळे त्याच्याकडे बघायचे टाळत राहिले. एकटा व्हॉसबर्ग उठला. म्हाताऱ्याशी हात मिळवला, ब्रँडीचा ग्लास त्यांच्यापुढे ठेवला आणि अतिशय आपुलकीने तब्येतीची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत छपरावर नवी ओळ आली होती. अमंडसन. वर्षं वीस. सह्या हजारो. कायदे शून्य. मारलेली माणसं एक.

छपराचा फोटो वॉशिंग्टनला पोचायला वेळ लागला नाही. सह्या करणारे सातही खासदार अस्वस्थ झाले. जिवंत पोस्टमनला मेलेला ठरवणाऱ्या कागदावर आपलं नाव आहे, हे निवडणुकीच्या वर्षात कोणालाच परवडणारं नव्हतं. पण दिलेलं नाव मागे घेणं सोपं नसतं. सभागृहात उभं राहून, अमुक विधेयकावरून माझं नाव काढावं, अशी सगळ्यांची परवानगी मागावी लागते. सगळ्यांची म्हणजे अक्षरशः सगळ्यांची. कोणीही एकाने 'हरकत' एवढं म्हटलं की नाव जिथल्या तिथे.

मॉरीनबाईंना इथे आशा दिसली. "पाटीवर नाव दुसरं कोणाचं तरी घालू, समितीत तेवढी दुरुस्ती करून घेता येईल," त्या म्हणाल्या. "गावात वारलेली माणसं काय कमी आहेत? पण तोवर सातही नावं टिकली पाहिजेत. एक गेलं तर सगळं गेलं. तुम्ही फक्त तिथे बसायचं आणि एक शब्द बोलायचा."

त्यांनी कचेरीत साहेबांची तालीम घेतली. स्वतः जेराल्डीन प्रुइट होऊन उभ्या राहिल्या, चष्माही लावला. "हरकत," डेलमार म्हणाले. पुन्हा घेतलं. "हरकत." चौथ्या वेळेला तर त्यांनी टेबलावर हात आपटला, आणि मग मॉरीनबाईंना लागलं का म्हणून विचारलं.

मंगळवारी सकाळी जेराल्डीन प्रुइट सभागृहात उभ्या राहिल्या. डेलमार पहिल्या रांगेत बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"अध्यक्षमहोदय," बाईंनी सुरुवात केली, "विधेयक क्रमांक..." त्या थांबल्या. हातातले कागद वरखाली केले, पर्स उघडली. चष्मा कचेरीत राहिला होता. नंबर आठवेना. सभागृह वाट पाहत होतं. बाईंचे कान लाल झाले.

वर्गात शेजारच्या मुलाला उत्तर येत नसलं की काही मुलांना राहवत नाही, डेलमार त्या जातीचे. ते अर्धवट उठले, पुढे वाकले आणि विधेयकाचा नंबर त्यांच्या कानात सांगितला.

"आभारी आहे," बाई म्हणाल्या आणि नंबर वाचला. "यावरून माझं नाव काढण्याची परवानगी मिळावी."

"कोणाची हरकत?" अध्यक्षांनी विचारलं.

वरच्या सज्जात बसलेल्या मॉरीनबाई सांगतात, की साहेबांचं तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. बाईंनी नुकतेच आभार मानले होते, आणि आभार मानलेल्या बाईला लगेच आडवं जायचं हे काही नॉर्डालमध्ये शिकवत नाहीत. अध्यक्ष तेवढ्यापुरते थांबले, हातोडा आपटला, नाव गेलं. त्यामागे बाकीचे सहा जण उभे राहिले. डेलमारनी प्रत्येकाकडे बघून मान हलवली, पाहुण्यांना दारापर्यंत पोचवताना हलवतात तशी.

शेवटी विधेयकावर एकच नाव उरलं, प्रस्तावकाचं. ते काढायची सोयच नसते. सह्या मागे घेता येतात, बापपण घेता येत नाही.

ऑगस्टमध्ये उमेदवारीच्या मतदानात डेलमार हरले. थोडक्यात हरले, पण हरले. लोर्नाने सामान आणायला गाडी नेली, आणि ते घरी आले त्या शुक्रवारी दोघं क्लबमध्ये जाऊन व्हॉसबर्गसमोर बसले. लोर्नाने एक मासा खाल्ला. एरवी ती तीन खायची.

व्हॉसबर्ग नोव्हेंबरची निवडणूक जिंकून वॉशिंग्टनला गेला. तिथे त्याला जे कळायचं ते कळलं. त्याचीही विधेयकं समितीच्या गुहेत शिरली आणि तिकडचीच झाली. ऐन मार्चमध्ये, वादळ होऊन गेल्यावर, एक दिवस हमरस्त्यावरच्या गाड्या हळू होऊ लागल्या. छपरावरचं 'अमंडसन' कोणी तरी खरवडून काढलं होतं आणि त्या जागी 'व्हॉसबर्ग' लिहिलं होतं. वर्षं, सह्या आणि माणसांचा हिशोबही खरवडला होता. शून्य तेवढं राखलं होतं; ते मुळातच सुबक असल्याने त्याला हात लावायची गरज पडली नव्हती. हे कोणी केलं ते कधी बाहेर आलं नाही. त्या आठवड्यात लोर्नाच्या बुटांवर पांढरा रंग दिसत होता, पण आमच्याकडे अशा गोष्टी कोणी विचारत नाही.

व्हॉसबर्गने महिनाभर दम धरला. मग एका शुक्रवारी ताट घेऊन तो अमंडसनांच्या टेबलावर आला. बसू का, विचारलं. डेलमार म्हणाले, बस. कोशिंबीर संपेपर्यंत तो हवेबद्दल बोलला. मग खिशातून घडी केलेला कागद काढला. पोस्ट ऑफिसचंच काम होतं. नाव वारलेल्या माणसाचं लागतं हे खरं. पण सभागृहातल्या मंडळींनी स्वतःसाठी एक फट ठेवली होती. सत्तरी ओलांडलेला माजी खासदार असेल तर तो जिवंत असतानाही त्याचं नाव देता येतं.

डेलमारनी नुकतीच सत्तरी ओलांडली होती.

"सगळ्या सह्या मिळाल्यात," व्हॉसबर्ग ताटाकडे बघत म्हणाला. "प्रुइटबाईंनी दोनदा वाचून केली. तुझ्यासाठी नाही म्हणणारा तिथे कोणी सापडत नाही, डेलमार. तुझी संमती तेवढी हवी."

आता डेलमारना सगळं दिसत होतं. मंजूर झालं की व्हॉसबर्गच्या खात्यावर एक कायदा लागणार, छपरावरचं शून्य जाणार, आणि पुढची निवडणूक त्याला सोपी होणार. स्वतःच्या खात्यावरचं शून्य मात्र कायम राहणार. टेबलाखाली लोर्नाचा बूट त्यांच्या पावलावर येऊन बसला आणि दाबू लागला. तो 'हो' म्हणून दाबतोय की 'नाही' म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता. अर्थात त्याने फरकही पडला नसता.

"बरं," डेलमार म्हणाले.

कायदा झाला. पाटी लागली तेव्हा पाऊस होता आणि व्हॉसबर्ग प्रमाणापेक्षा लांब बोलला. परत येताना गाडीत डेलमार काचेवरचा पाऊस बघत होते. लोर्ना म्हणाली, "त्याच्या नावावर एक कायदा झाला. होऊ दे. पण त्या एकावर नाव तुझं आहे. त्याला दर वेळी पोस्टाचं तिकीट घ्यायला तुझ्या दारातून आत जावं लागणार." त्या शुक्रवारी तिने तीन मासे खाल्ले.

पुढच्या हिवाळ्यात दोघं ॲरिझोनाला गेले. मेसाला आर्विडच्या शेजारचीच जागा रिकामी होती. एप्रिलमध्ये परत आले. त्याच्या पुढच्या एप्रिलमध्येही आले. मग लोर्नाच्या गुडघ्याने बर्फाला कायमचा नकार दिला आणि नॉर्डालचं घर विकलं.

परवा, म्हणजे तीन-चार वर्षांपूर्वी, मेसाच्या अंगणात सावलीला तिघं पत्ते खेळत होते. साप्ताहिक आलं. आर्विड आता नव्वदीच्या पार गेले होते, आणि स्वतःच्या अनुभवावरून ते अंक मागच्या पानापासून, निधनवार्तांपासून, वाचत. वाचता वाचता त्यांनी चष्मा वर केला आणि अंक टेबलावर सरकवला.

पोस्ट ऑफिसचं छप्पर गळतंय अशी बातमी होती. आमचे दिवंगत खासदार कै. डेलमार अमंडसन यांच्या नावाची इमारत अशी गळावी, ही खेदाची गोष्ट आहे, असं संपादकाने लिहिलं होतं. शिवाय जुन्या रहिवासी बर्निस फॉसम यांना कै. अमंडसन यांचा अंत्यविधी अजून लख्ख आठवत होता. जेवणात हॅम होता. अगदी बेताच्या मिठाचा.

"माझा खारट होता," आर्विड म्हणाले. त्यांनी खिशातून फोन काढून डेलमारपुढे ठेवला. "लाव. मी लावला होता. चुकीचं छापलंय म्हणून सांग."

डेलमारनी बातमी पुन्हा वाचली. दिवंगत झाल्यापासून त्यांच्याकडे कोणी कागद घेऊन आलं नव्हतं, हे आत्ता त्यांच्या लक्षात येत होतं. अंगणात ऊन छान पडलं होतं. डाव त्यांचा होता.

"नाही," ते म्हणाले.

लोर्नाने हातातले पत्ते खाली ठेवले आणि त्यांच्याकडे नीट बघितलं.

"पुन्हा म्हण बरं," ती म्हणाली.